गेनूमामाच्या मुक्या मोटरी

तुमच्या घरातला नळ शेवटचा कधी ओरडला होता, आणि तो गप्प व्हावा म्हणून तुम्ही कुणाला बोलावलंत?

आमच्या गावात गेनूमामाला बोलावत. गेनभाऊ म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून तो आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहायचा. गावाचं नाव लिहीत नाही. नारायणगावहून जीप धरली की अर्ध्या तासात येतं, एवढं पुरे. एका गावाकडे बोट दाखवलं की बाकीची गावं निवांत होतात, आणि मला कुणालाच निवांत होऊ द्यायचं नाही.

मामा कुणाच्या घरात शिरला की आधी टीव्ही बंद करायला लावायचा. "गप. समदे गप. पोरगं रडत आसंल तर भाईर न्या." मग पिशवीतून हातभर लांब पेचकस काढायचा, त्याचं टोक पाइपावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. घरातल्या बाईला नळावर उभं करायचा. "सोड. आजून सोड. आता फटकन बंद कर." सगळं घर श्वास रोखून बघत असायचं. मग डोळे उघडून तो निकाल सांगायचा. नळ एकदम बंद केल्यावर भिंतीत धाड् असा आवाज झाला, तर "उचकी लागलीय, पाईप ढिला हाय." अर्धवट सोडल्यावर बारीक सूर निघाला, तर "शिट्टी मारतोय, वायसर झिजला." पाण्याआधी फटफट हवा आली, तर "खोकतोय. त्याला औशिद न्हाई, आपोआप जाईल."

नळ दुरुस्त करणारा माणूस आणि पँट पांढरीशुभ्र, इस्त्रीची! गुडघे टेकायला तो स्वतःची गोणपाटाची घडी बाळगायचा. खिशात कंगवा, केसांना वासाचं तेल, बुडाखाली एम-एटी मोपेड. नम्रपणा त्याला माहीत नव्हता. "नारायनगाव ते मंचर, भितीतला कंचाबी पाईप इचारा, गेनभाऊला नावानी वळखतो," असं तो चारचौघांत म्हणायचा. चहात साखर कमी पडली तर कप परत करायचा.

नव्वदनंतर टोमॅटोच्या एक-दोन चांगल्या हंगामांत गावात स्लॅबची घरं उठली आणि प्रत्येक घराच्या मोरीचं बाथरूम झालं. बाथरूममध्ये शॉवर आला. तो घरच्यांसाठी नव्हताच. घरची माणसं त्याच शॉवरखाली बादली ठेवून तांब्याने अंघोळ करायची. शॉवर होता जावयासाठी. मुंबई-पुण्याहून जावई आला की त्याला त्याखाली उभं करायचं, आणि बाहेर ओसरीवर सासऱ्याने मान ताठ ठेवून बसायचं.

आमच्या आळीतल्या सरूकाकीच्या नव्या घरात जावई अंघोळीला गेला आणि शॉवरमधून असा काही हंबरडा फुटला की बिचारा साबणासकट बाहेर पळाला. मामाला बोलावणं आलं.

"जावई गावात हाय ना आजून? मग घाबरू नका," मामा म्हणाला. पेचकस भिंतीला लावून ऐकल्यावर सरूकाकीच्या मुलाकडे वळला. "पाईप भितीत गाडायला कोनी सांगितलं व्हतं?"

"पुन्यात तसंच करत्यात, मामा."

"मग हात घालायला बी पुनेकरालाच बोलीव."

एवढं टाकून बोलला, पण फरशी काढून पाइपाला भिंतीत दोन जागी घट्ट आवळलं, मध्ये रबराचे तुकडे सारले. शॉवरची जाळी क्षाराने बुजली होती, ती चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि दाभणाने एकेक भोक मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी शॉवर सोडला, तर नुसती पाण्याची सर. "आता जावयाच्या पोटातलं आइकू यील, शॉवरचं न्हाई," मामा म्हणाला, आणि सरूकाकी पदर तोंडाला लावून हसत सुटली.

या माणसावर माझा जीव होता. आमच्या घरात बाबा म्हणजे पत्रकं. धरणग्रस्तांचा मोर्चा असो की रेशनचा, बाबा मजकूर लिहायचे, छापून आणायचे, आणि मी त्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. घरात अन्याय, हक्क, संघर्ष हे शब्द मीठ-मिरचीसारखे असायचे. हसू मात्र घरात यायचं ते मामाबरोबर. म्हणूनच पुढचं लिहिताना मला त्याची लाज वाटते, आमच्या घराची वाटते, आणि सगळ्यात जास्त गावाची वाटते.

गावाला पाणी एकाच टाकीचं. सकाळी तासभर सुटायचं. लाइन आधी पेठेतून, मग आमच्या आळीतून जायची आणि शेवटी चढ चढून वरच्या वाडीला पोचायची. वाडीवर आहुप्याच्या डोंगरातून खाली उतरून राहिलेली माणसं होती, नाचणी-वरई करणारी, आमच्या टोमॅटोच्या तोडणीला येणारी. त्यांना घरोघरी नळ नव्हता. वाडीच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ होता. लाइनीला मोटर लावणाऱ्याचं कनेक्शन तोडू, असं ग्रामपंचायतीने भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलं होतं. कारण मोटर लावली की पहिली घरं पाणी ओढून घेतात आणि शेवटच्याला काही उरत नाही. हे कळायला शाळा लागत नाही.

मोटर लावली की लाइन घोरते. लोखंडी पाइपातून तो घोरण्याचा आवाज चार घरं पलीकडे जातो, म्हणून कुणाची हिंमत व्हायची नाही. ही अडचण गेनूमामाने सोडवली. अंगणात खड्डा घ्यायचा, मोटर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या घड्यांवर बसवायची, मोटर आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये हातभर रबरी नळी टाकायची म्हणजे थरथर पाइपात उतरत नाही, आणि वर धुण्याचा दगड ठेवून द्यायचा. वरच्या टाकीत पाणी चढायचं आणि शेजाऱ्यालाही कळायचं नाही. शेजाऱ्याकडेही तेच असायचं, ही गोष्ट वेगळी.

पहिली मुकी मोटर आमच्या घरात बसली. बाबांना न सांगता, आईने सांगितलं म्हणून. माझ्या ताईचं नुकतंच लग्न झालं होतं, ऐन ज्येष्ठात धोंड्याचा महिना आला होता, आणि दाजी यायचे होते. "त्यांना बादलीनं अंघोळ घालू व्हय रं?" आई भावाला म्हणाली. भावाने बहिणीचा शब्द मोडला नाही. मग सरूकाकीकडे, मग सरपंचांकडे, मग ओळीने सगळीकडे. प्रत्येक घरात जावई यायचाच होता. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, कुणाला कमीपणा नको होता. आमच्या टाकीत पाणी जोरात चढायला लागलेलं पाहून बाबांनी काय करावं? गावाच्या नव्या टाकीसाठी त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या होत्या, त्यांना वाटलं त्यालाच यश आलं. लोकांच्या रेट्याने पाणीप्रश्न सुटला, असं पत्रक काढलं आणि ते वाडीवरसुद्धा वाटलं.

त्याच आठवड्यात वाडीवरची चिमाबाई आमच्या मागच्या दाराशी आली. आमच्या रानात तोडणीला यायची ती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलेली, नात होऊन थोडेच दिवस झालेले. तिला पत्रकाबद्दल काही बोलायचं नव्हतं. ती मामाकडे आली होती.

"भाऊ, आमचा नळ लई आवाज करतोय. पानी न्हाई, नुस्तं फुसफुस करतंय. येऊन बगा ना. बाळंतिनीची अन् पोरीची अंगुळ होईल एवढं आलं तरी बास हाय. हिरीवरनं किती आनू?"

सकाळी पाण्याच्या वेळेला मामा निघाला. मला वाडीवर बाबांची पत्रकं द्यायची होती, म्हणून मीही एम-एटीवर मागे बसले. नळाभोवती रिकामे हंडे आणि बायका. मामाने सवयीने सगळ्यांना गप्प केलं, पेचकस काढला, पण कानाला लावला नाही. नळ उघडा होता आणि आत काहीतरी सूं सूं करत होतं. मामाने नळाच्या तोंडावर तळहात धरला. हात नळाला चिकटला. नळ पाणी देत नव्हता, आत ओढत होता. हात सोडवताना टप् असा आवाज झाला.

"काय झालं, मामा?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "वायसर," म्हणाला. "वायसर गेलाय."

त्याने नळ उघडून नवा वायसर बसवला. चिमाबाईने पळसाच्या पानात करवंदं बांधून दिली. "पैसं तर तुमी घेनार न्हाई, हे तरी घ्या." करवंदं म्हणजे मामाचा जीव की प्राण, पण उतारावर त्याने एकही तोंडात टाकलं नाही. घरी आल्यावर पानाची पुडी तशीच गोठ्याच्या कठड्यावर राहिली. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दाजी आले. धोंड्याचं जेवण ठरलं, पुरणाचे धोंडे उकडायला ठेवले. सकाळी दाजी शॉवरखाली गेले, आणि नेमकी चिमाबाई मागच्या अंगणात आली. आईने तिला बस म्हटलं. ती धुण्याच्या दगडावर बसली. मामा तिथेच दाढी करत होता.

"भाऊ, वायसर नवा हाय, पर फुसफुस तीच."

मामाने वस्तरा गालावरून खाली घेतला. चिमाबाई बोलता बोलता थांबली. तिने दगडावर हात टेकला.

"वैनी, ह्यो दगुड थरथरतोय."

बाथरूममधून शॉवरचा आवाज तेवढा येत होता, छान, एकसारखा.

"शेजारची गिरण सुरू झाली आसंल," आई म्हणाली. "हादरं बसत्यात."

चिमाबाईने मामाकडे पाहिलं. गावातला कुठला आवाज कुठून येतो, हे ज्याला कळतं त्या माणसाकडे. मामा म्हणाला, "व्हय. गिरनच." चिमाबाई उठली, पदर खोचला आणि गेली. त्या दिवशी जेवणात दाजींनी मामाला विचारलं, "मामा, खात का नाही?" मामा म्हणाला, "दाढी करताना कापलंय." कापलेलं कुठेच दिसत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी मी आणि मामा बाजार करून येत होतो. फाट्यावर जीप उभी होती. चिमाबाईची लेक आत बसलेली, कानाला फडकं बांधलेली, मांडीवर तान्हं. शेजारी तिची सासू, तोंड वळवून. चिमाबाई खाली उभी.

मामाने गाडी थांबवली. "बाळंतीन कुटं चालली? सव्वा म्हयना तर व्हऊ द्या."

"पानी न्हाई, भाऊ," चिमाबाई हळू म्हणाली. "यीनबाई न्यायला आली. म्हनली, न्हाऊ घालायला पानी न्हाई तर लेक आनलीच कशाला माहेराला." मग सासूला ऐकू जाऊ नये म्हणून आणखी हळू, "लई लाज वाटती बगा."

जीप गेली. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि वाटत कुणाला होती, हे त्या फाट्यावर मला अजून कळलं नव्हतं. मामाला कळलं होतं. तो घरी आला तो थेट मागच्या अंगणात. इस्त्रीची पँट घालून, गोणपाट न घेता मातीत गुडघे टेकले आणि धुण्याचा दगड उलटवला. तेव्हा मी ती मोटर पहिल्यांदा पाहिली. आई आतून ओरडत आली, "आरं, हे काय करतूस?"

"माजा माल काढून नेतोय, आक्का. मोटर तुजी हाय, ती ऱ्हाऊ दे."

त्याने रबराच्या घड्या काढल्या, मधली रबरी नळी काढली आणि तिथे लोखंडी तुकडा आवळला. मग गोणी घेऊन आळीत निघाला. दुपारभर घरोघर गेला. "रबर झिजलंय, सर्व्हिसिंग करायचंय, टेन्शन नही लेने का," असं सांगत त्याने प्रत्येक दगडाखालचं रबर काढलं. लोकांनी चहा दिला. कुणाला शंका आली नाही. गेनभाऊवर विश्वास होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं आणि सवयीने घराघरांत बटणं दाबली गेली. गाव असं कधी ओरडलं नसेल. पेठेपासून आमच्या आळीपर्यंत प्रत्येक अंगण घोरत होतं, पाइप भिंतींवर आपटत होते, सरपंचांच्या घरातला नळ तर शिट्ट्या मारत होता. जावई टॉवेल गुंडाळून रस्त्यावर आले. सरूकाकी ओरडली, "गिरण फुटली का काय?" गिरणीवाला दारात उभा राहून म्हणाला, "काकी, माजी गिरण आठ दिस बंद हाय. पट्टा तुटलाय." आई दारातून मागे सरली. बाबा अंगणात आपल्याच मोटरीसमोर उभे होते. त्यांच्या हातात चहाचा कप तसाच होता.

वाडीवरची माणसं हंडे घेऊन उतरली. कुणी शिवी दिली नाही. ती एकेका दारासमोर थांबून नुसती ऐकत होती. चिमाबाई आमच्या दारात आली. मामा पायरीवर बसला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "आता कळलं तुमचा वायसर कुटं बसवायचा व्हता."

"बाई, मी जीप करतो, आत्ता जाऊन लेकीला मागारी आनतो," मामा उठत म्हणाला.

"आन् तिच्या सासूला काय सांगू? पानी चोरीला गेलं व्हतं, ते घावलं?" तिने हंडा उचलला. "ऱ्हाऊ द्या. तुमाला करवंदं दिली व्हती मी."

गावसभा झाली. सरपंच तावातावाने म्हणाले, "गेनभाऊ, या सगळ्या मोटरी तुम्हीच बसवल्या ना?" मामा म्हणाला, "व्हय, मीच. तुमची बी मीच बसवली, सरपंच, इसरला काय?" लोक हसले, पण हसू लगेच विरलं. त्या उन्हाळ्यापुरत्या मोटरी उतरल्या. वाडीवरच्या नळाला पाणी आलं. चिमाबाईची लेक मात्र त्यानंतर बाळंतपणाला माहेरी आली नाही. पुढची दोन्ही तिने सासरीच काढली.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. मामाने चोरी मुकी केली तेव्हा गावाने त्याला मिठाई दिली. त्याने तिला आवाज परत दिला तेव्हा गावाने त्याला घरात घेणं बंद केलं. नळ उचक्या देत राहिले, पण कुणी बोलावणं धाडलं नाही. "इश्वासघातकी हाय," सरूकाकी म्हणायची. आई त्याच्याशी बोलायची, पण जेवायला वाढताना मान वर करत नसे. बाबांनी वाडीवर जाऊन माफी मागितली. पत्रक मात्र काढलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर पत्रक काढलं, त्याला आपल्या अंगणावर एक ओळ लिहिता आली नाही. हीसुद्धा माझ्या घराचीच गोष्ट.

मामा पुण्याला गेला. मोठ्या इमारतींच्या पाइपांची कामं करायचा. दिवाळीला यायचा, पँट तशीच पांढरी, बढाया तशाच. "अकरा मजल्याची बिल्डिंग, बोंबलत व्हती नुसती. आपुन हात लावला, खल्लास." पण एकदा मी विचारलं, मामा, तू वाडीवर का जात नाहीस? तो कंगव्याचे दाते नखाने वाजवत बसला. "म्या तिथं खोटा वायसर बसिवला गं," म्हणाला. "माज्या हातचं येकच काम खोटं हाय." मोटरींचं त्याने नाव घेतलं नाही. त्याला टोचत होती ती एवढीशी रबराची चकती, जी त्या बाईच्या डोळ्यांत बघत बसवली होती.

दोन हजार सालानंतर काही वर्षांत तो पुण्यातच गेला. दशक्रिया गावच्या घाटावर झाली. आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांची रांग असते. माजी सरपंच बोलले. गेनभाऊंनी गावाच्या घरोघरी शांतता आणली, असा कारागीर पुन्हा होणे नाही, असं म्हणाले. माना हलल्या. त्या उन्हाळ्यातल्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? तोवर आळीत नव्या मोटरी आल्या होत्या, कंपनीकडूनच बिनआवाजाच्या. त्यांना कुणाच्या ट्यूबच्या घड्या लागत नाहीत. मागे, बायकांच्या घोळक्यात, चिमाबाई उभी होती. तिला कुणी बोलायला बोलावलं नाही. निघताना मी तिला नमस्कार केला आणि वाडीवर पाणी येतं का, विचारलं. ती म्हणाली, "येतं की. तुमच्या टाक्या भरल्याव."

मामा माझा लाडका होता, आहे. त्याने केलेलं वाईट मी झाकणार नाही, आणि नंतर केलेलं चांगलं गावाला झाकू देणार नाही. ज्या दुपारी त्याने रबर काढलं त्या दुपारी तो एकटा होता. आपण सगळे मिळून काढलं असतं तर तो गाव सोडून गेला नसता.

म्हणून माझं एकच मागणं आहे. उद्या तुमच्याकडे पाणी सुटेल तेव्हा घरात थांबू नका. तुमच्या लाइनीवर शेवटी जो नळ आहे तिथे चालत जा आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला विचारा, पाणी आलं का? ती नाही म्हणाली, तर घरी परत या आणि लाइनीला लावलेली तुमची मोटर त्याच दिवशी काढून टाका. पाहुणे घरात असले तरी काढा. त्यांच्या देखत काढा.